तुर्तुक गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लडाखला निघालेल्या मराठी मंडळींच्या यादीत आता पँगाँगच्या जोडीला तुर्तुकचं नाव हमखास असतं. मी पहिल्यांदा तिथे गेले ती एका रात्रीपुरती, नंतर मात्र जातच राहिले. तेव्हापासून नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक निघण्याआधी फोन करतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. गाडी-मुक्कामाचं थोडक्यात आटोपलं आहे. गावाच्या इतिहासाबद्दल आणि माणसांबद्दल सविस्तर लिहिलं आहे, कारण पाहुणे म्हणून आपण चुकतो ते तिथेच.

तुर्तुक नेमकं कुठे आहे?

लडाखच्या नुब्रा भागात, श्योक नदीच्या काठी. लेहहून सुमारे २०५ किलोमीटर. खारदुंग ला ही खिंड ओलांडायची, खालसरला उतरायचं, मग दिस्कित, हुंडर, थॉइस, बोगदांग, चालुंका आणि तुर्तुक. पुढे त्याक्शी, आणि शेवटचं थांग. तिथे आपला रस्ता संपतो. नदी मात्र पुढे वाहत पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात जाते आणि केरिसजवळ सिंधूला मिळते.

गावाची उंची सुमारे ३,००० मीटर, म्हणजे लेहपेक्षा जवळजवळ ५०० मीटर कमी. त्यामुळे लेहला ज्यांना झोप लागत नाही, त्यांना इथे गाढ लागते.

हे ‘पाकिस्तानातलं गाव’ होतं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पर्यटनाच्या जाहिरातीतही हेच शब्द असतात, ‘भारतातलं पाकिस्तानी गाव’. हे शब्द कृपा करून गावात वापरू नका. ते दुखावणारे आहेतच, शिवाय चुकीचेही आहेत.

गाव या दोन्ही देशांपेक्षा कितीतरी जुनं आहे. हा मुलूख बाल्टिस्तानचा, खपलूच्या याबगो घराण्याच्या अमलाखालचा. १८४० मध्ये जम्मूच्या डोग्रा राजाचा सेनापती जोरावरसिंह याने बाल्टिस्तान जिंकून घेतला आणि तो डोग्रांच्या ताब्यात गेला. १८४६ च्या अमृतसरच्या तहानंतर जम्मू-काश्मीर संस्थान उभं राहिलं, त्यात हा भाग होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये महाराजा हरिसिंहांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. पण गिलगिटमध्ये बंड झालं, लढाई बाल्टिस्तानात पसरली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये बाल्टिस्तानचं मुख्य ठाणं स्कर्दू पडलं. १९४९ मध्ये युद्धबंदी रेषा कागदावर आली तेव्हा बोगदांग भारताच्या बाजूला राहिलं आणि त्याच्या पुढची चालुंका, तुर्तुक, त्याक्शी, थांग ही गावं पाकिस्तानच्या ताब्यात गेली. बोगदांगची माणसंही बाल्टीच. भाषा तीच, धर्म तोच, सोयरिकी एकमेकांत.

म्हणजे १९४८ ते १९७१ या काळात गावावर पाकिस्तानचा ताबा होता, हे खरं. पण भारताची अधिकृत भूमिका अशी की संपूर्ण जम्मू-काश्मीर १९४७ मध्येच भारतात विलीन झालं. त्या हिशेबाने तुर्तुक तेव्हाही भारताचंच. पाकिस्तान हा सगळा प्रदेश वादग्रस्त मानतो आणि गिलगिट-बाल्टिस्तानला त्याने आजही आपल्या घटनेत प्रांताचा दर्जा दिलेला नाही. तेव्हा ‘पाकिस्तानी गाव’ हे दिल्लीच्या कागदात बसत नाही आणि इस्लामाबादच्याही नाही. ते फक्त जाहिरातीत बसतं.

१९७१ मध्ये काय झालं?

डिसेंबर १९७१ मध्ये मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली लडाख स्काउट्स आणि नुब्रा गार्ड्सचे जवान श्योकच्या खोऱ्यातून पुढे सरकले. रिंचेन नुब्रातल्याच सुमूर गावचे. १९४८ च्या लढाईत कोवळ्या वयात त्यांना महावीरचक्र मिळालं होतं, आणि १९७१ च्या या मोहिमेसाठी ते दुसऱ्यांदा मिळालं. ऐन डिसेंबरात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, डोंगराच्या कडेने रात्रीचं चालत त्यांनी एकेक ठाणं घेतलं. चालुंका, तुर्तुक, त्याक्शी आणि थांग ही चार गावं आणि सुमारे ८०० चौरस किलोमीटर प्रदेश भारताच्या ताब्यात आला. १७ डिसेंबरला युद्धबंदी झाली आणि पुढचं सगळं जिथल्या तिथे थांबलं.

सैन्याच्या दृष्टीने ही अतिशय अवघड आणि देखणी मोहीम होती, आणि रिंचेन यांच्याबद्दल नुब्रात आजही फार आदराने बोलतात. गावाच्या दृष्टीने मात्र ती अशी रात्र होती, जिच्या आधी जो जिथे गेला होता तो तिथेच राहिला. याविषयी पुढे लिहिते.

जिंकलेला बाकीचा मुलूख परत दिला, मग तुर्तुक का ठेवलं?

चांगला प्रश्न आहे आणि फार थोडे लोक विचारतात. १९७१ मध्ये भारताने सिंधमध्ये थरपारकर भागात आणि पंजाबात शकरगडकडे बराच प्रदेश घेतला होता. तिथली सीमा दोन्ही देशांना मान्य असलेली आंतरराष्ट्रीय सीमा होती, म्हणून २ जुलै १९७२ च्या शिमला करारानुसार तो परत गेला. जम्मू-काश्मीरसाठी नियम वेगळा ठरला. १७ डिसेंबर १९७१ ला युद्ध थांबलं तेव्हा ज्याच्या हातात जे होतं, तीच नियंत्रण रेषा. म्हणून तुर्तुक राहिलं.

ही रेषा एनजे ९८४२ नावाच्या बिंदूवर संपते आणि तो बिंदू याच डोंगररांगांत आहे. त्याच्या उत्तरेला बर्फच असल्याने कोणी रेघ ओढली नाही. त्या न ओढलेल्या रेघेतून पुढे सियाचेनचा प्रश्न उभा राहिला आणि १९८४ पासून तिथे सैन्य आहे. थॉइसची धावपट्टी आणि रस्त्यावरचे लष्करी ट्रकांचे तांडे दिसतील, ते त्यासाठीच.

ताटातुटीच्या गोष्टी ऐकल्या आहेत. खऱ्या आहेत का?

खऱ्या आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत.

डिसेंबरात या खोऱ्यात शेतीचं काम नसतं. त्यामुळे माणसं बाहेर गेलेली होती. कोणी कराचीला, लाहोरला कामधंद्यासाठी, कोणी स्कर्दूला शिकायला, कोणी पाकिस्तानी सैन्यात नोकरीला, कोणी नुसतंच खपलूला पाहुणा म्हणून. लढाई संपली तेव्हा नवरा तिकडे आणि बायको-मुलं इकडे, आईबाप इकडे आणि मुलगा तिकडे, असं घराघरात झालं. आठवड्याभराने येतो म्हणून गेलेला माणूस आयुष्यभर परतला नाही.

आपल्याला हे समजायला सोपा शब्द आहे, माहेर. खोऱ्यात एका गावची लेक दुसऱ्या गावात देण्याची रीत आपल्यासारखीच. पायी तासा-दोन तासांच्या अंतरावर माहेर, सणाला जायचं, बाळंतपणाला जायचं. थांगच्या पलीकडचं पहिलं गाव फरानू. ते थांगवरून दिसतं. घरं दिसतात, शेतं दिसतात. ज्या बाईचं माहेर तिथे राहिलं तिला ते दिसत होतं आणि जाता येत नव्हतं. आई गेल्याचा निरोप महिन्यांनी, कधी वर्षांनी, कोणाकोणाच्या हातून फिरत आलेल्या पत्रातून यायचा.

अधिकृत वाट कशी होती तेही बघा. पासपोर्ट काढायचा, व्हिसा मागायचा, तो मिळाला तर लेह, दिल्ली, अमृतसर, वाघा, लाहोर, इस्लामाबाद आणि तिथून वर स्कर्दू, खपलू. नदीच्या पुढच्या वळणावर असलेल्या गावासाठी एवढा फेरा, आणि तोही ज्यांच्याकडे पैसे आणि नशीब दोन्ही होतं त्यांनाच. तिकडच्या नातेवाइकाला भारताचा व्हिसा मिळाला तरी सीमेलगतच्या या पट्ट्यात यायला गृह मंत्रालयाची वेगळी परवानगी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचं फाटकही बंद करण्यात आलं.

कारगिल ते स्कर्दू हा जुना रस्ता उघडावा, निदान श्योकच्या काठाने खपलूपर्यंत भेटीगाठींची सोय व्हावी, ही लडाखमधली जुनी मागणी आहे. काश्मीरमध्ये २००५ साली श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली, ती काही वर्षं चालली. लडाखच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. मला स्वतःला ही मागणी अगदी रास्त वाटते. दोन सैन्यांच्या देखरेखीत, ठरलेल्या दिवशी, म्हाताऱ्या माणसांना तरी भेटू द्यायला हवं होतं. १९७१ ला जे विशीत होते ते आता सत्तरी ओलांडून गेले आहेत.

इंटरनेट पोचल्यापासून चुलत-मावस भावंडं व्हॉट्सॲपवर एकमेकांचे चेहरे बघतात. त्याआधीच्या पिढीला तेही नव्हतं.

गावातले लोक कोण? बौद्ध की मुसलमान?

बाल्टी. धर्माने मुसलमान, बहुतेक नूरबख्शी पंथाचे. हा सूफी परंपरेतला पंथ, पंधराव्या शतकातल्या सय्यद मुहम्मद नूरबख्श यांच्या नावाने ओळखला जातो. त्याआधी हा मुलूख बौद्ध होता आणि त्याच्या खुणा लाकडी कोरीवकामात अजून सापडतात.

भाषा बाल्टी, म्हणजे तिबेटीची बहीण. आणि इथे एक सुंदर गोष्ट आहे. तिबेटी लिपीत शब्दांच्या सुरुवातीला जी जोडाक्षरं लिहितात त्यातली कितीतरी ल्हासाच्या बोलण्यातून गळून गेली, पण बाल्टीने ती जिभेवर जपून ठेवली. म्हणजे तिबेटी पोथीतला जुना उच्चार ऐकायचा तर या मुसलमान गावांत यावं लागतं. बाल्टी पूर्वी तिबेटी लिपीत लिहीत, आता बहुधा फारसी-अरबी लिपीत लिहितात. गावात उर्दू आणि हिंदी सगळ्यांना समजते, तेव्हा बोलायची अडचण नाही.

कारगिल युद्धाशी तुर्तुकचा काय संबंध?

१९९९ मध्ये घुसखोरी कारगिल-द्रासपुरती नव्हती, तुर्तुकच्या वरच्या शिखरांवरही झाली होती. ११ राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन इथेच जूनच्या सुरुवातीला लढताना गेले. वय २४. त्यांचं पार्थिव कित्येक दिवस वर बर्फातच राहिलं. ते आणण्यासाठी दुसऱ्या मुलांचा जीव धोक्यात घालू नका, असं त्यांच्या आईने, गायिका हेमा अझीझ यांनी, लष्कराला सांगितलं होतं. हनीफुद्दीन यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं आणि इथल्या लष्करी उपविभागाला आज त्यांचंच नाव आहे.

त्याच उन्हाळ्यात गावातल्या काही तरुणांना संशयावरून ताब्यात घेण्यात आलं. गावासाठी ते दिवस फार कठीण होते. त्यानंतर मात्र लष्कराने ‘सद्भावना’ मोहिमेतून शाळा, दवाखाने, रोजगार यांवर भर दिला, आणि ती सुरू करण्यामागे तुर्तुकचा अनुभव मोठा होता. आज लष्कर आणि गाव यांचं रोजचं जगणं एकमेकांत गुंतलेलं आहे.

‘तुम्हाला भारत आवडतो की पाकिस्तान?’ असं विचारलं तर चालेल का?

नाही. मी हा प्रश्न आपल्याच माणसांना चहा पिता पिता, मोबाईलचा कॅमेरा सुरू ठेवून विचारताना पाहिलं आहे. समोर सत्तरीचे आजोबा बसलेले. त्यांनी काय उत्तर द्यावं अशी आपली अपेक्षा आहे? ज्याचा सख्खा भाऊ पलीकडे राहिला आणि ज्याची नातवंडं इकडे शिकतात, त्याला आपल्या व्हिडिओसाठी निष्ठेची परीक्षा द्यायला लावायची हे बरं नव्हे. कोल्हापूरच्या माणसाला कोणी असं विचारत नाही.

जुन्या दिवसांबद्दल विचारायचंच असेल तर आधी एक-दोन दिवस राहा, त्यांच्याबरोबर जेवा, शेताची चौकशी करा. सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगतात, आणि मग कॅमेरा खिशात राहू द्या.

तिथे जाणं सुरक्षित आहे का?

एरवी हो. गाव २०१० पासून पर्यटकांसाठी खुलं आहे. पण हा सीमाभाग आहे, सीमेवर तणाव वाढला की पर्यटन ताबडतोब थांबवलं जातं. निघण्याआधी लेहमध्ये चौकशी करा आणि परत पाठवलं तर हुज्जत घालू नका.

परवाना, मोबाईल, पैसे?

परवान्याचे आणि शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात. लेह जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघा आणि ओळखपत्राच्या पाच-सहा झेरॉक्स जवळ ठेवा. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. एटीएम आणि पेट्रोल दोन्ही दिस्कितलाच उरकून घ्या.

लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी निघावं का?

नको. लेहला किमान दोन रात्री शांत बसा. वाटेत खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे (जुन्या पाटीवरचा १८,३८० फुटांचा आकडा चुकीचा आहे, पण म्हणून खिंड काही कमी उंच नाही), तिथे फोटो काढून पंधरा मिनिटांत खाली उतरा. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर घरच्या डॉक्टरांना विचारूनच बेत करा.

हुंडरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल?

येईल. बहुतेक टूर हेच करतात. हुंडरहून एका बाजूचे साधारण ८० किलोमीटर, तेव्हा दिवस गाडीत जातो आणि गावात दीड-दोन तास उरतात. दुपारी गल्ल्या पर्यटकांनी भरतात आणि गावकरी शेतात असतात. गाव दिसतं ते संध्याकाळी, गाड्या परत गेल्यावर. दोन रात्री काढा. घरगुती मुक्कामाची सोय भरपूर आहे आणि तो पैसा सरळ घरात जातो.

गावात बघण्यासारखं काय आहे?

ओढ्याच्या दोन बाजूंना फरोल आणि युल अशा दोन वस्त्या आहेत, मधे पूल. रस्त्यावरून वर चढून गेलात की एकदम हिरवंगार पठार लागतं. आजूबाजूचे डोंगर करडे, उघडे, आणि मधे सातूची शेतं, अक्रोड, तुती, जर्दाळू.

आधी पाट बघा. वरच्या ओढ्याचं बर्फवितळीचं पाणी दगडी पाटांनी घरोघर, वाफ्यावाफ्यात फिरवलं आहे. कोकणातल्या बागायतीचे पाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना चटकन ओळख पटेल. पाळी कोणाची, पाणी किती वेळ, हे गावात ठरलेलं असतं. लडाखच्या बहुतेक भागात वर्षाला एकच पीक निघतं. इथे उंची कमी म्हणून उन्हाळ्यात सातू निघाला की त्याच शेतात कुट्टू (बकव्हीट) पेरतात, दोन पिकं घेतात. पाटात पाय धुऊ नका, ते पिण्याचंही पाणी असतं.

मग नांगचुंग. दगड रचून बांधलेल्या छोट्या खोल्या, जमिनीखालून दगडांच्या फटींतून येणारा गारवा आत कोंडून राहतो. उन्हाळ्यात दूध, लोणी, मांस त्यात टिकतं. विजेशिवाय चालणारा फ्रीज. त्या खासगी असतात, विचारल्याशिवाय दार उघडू नये.

याबगो घराण्याचं जुनं घर आता छोटं संग्रहालय आहे. जुन्या मशिदीचं लाकूडकाम बघाच, आत जाण्याआधी परवानगी घ्या. पोलोचं मैदानही आहे. पोलो हा बाल्टींचा जीव की प्राण.

शाकाहारी जेवण मिळेल?

सहज. कुट्टूच्या पिठाचे कीसिर, म्हणजे आपल्या धिरड्यांचे भाऊबंद, सोबत दह्यातली हिरवी चटणी. अक्रोडाच्या रश्शातलं प्राकू मिळालं तर सोडू नका. दारू नेऊ नका, मागूही नका.

कपडे आणि फोटो?

अंगभर कपडे. बायका शेतात काम करत असतात, त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि नाही म्हटलं तर नाहीच. मुलांना चॉकलेटं वाटू नका, त्याने मुलं गाड्यांमागे धावायला शिकतात. धावपट्टी, पूल, लष्करी ठाणी यांचे फोटो काढायला बंदी आहे.

थांगला जावं का?

जा, पण कशासाठी ते आधी ठरवा. तिथे दुर्बिणीतून पलीकडची घरं दाखवतात. पलीकडे माणसं शेत नांगरत असतात, कपडे वाळत घालत असतात. मोठमोठ्याने घोषणा देणारे गट मी पाहिले आहेत. ज्यांच्या अंगणात उभं राहून आपण ओरडतो, त्यांच्याच आत्या-मामाचं ते घर असू शकतं. शांतपणे बघा आणि परत या.

कधी जावं?

एप्रिलमध्ये जर्दाळूला गुलाबी-पांढरा बहर येतो, पण थंडी असते आणि खिंडीत बर्फामुळे अडकायची तयारी ठेवावी लागते. फळ हवं असेल तर जुलैअखेर आणि ऑगस्ट. आपला आंबा संपतो तेव्हा त्यांचा जर्दाळू पिकतो. तेव्हा गावातली छपरं केशरी झालेली असतात, आपल्या कुरडयांच्या वाळवणासारखी, आणि आजीबाई फळं परतत बसलेल्या असतात.

जर्दाळू विकत घेताना काय बघावं?

लेहच्या बाजारातून आणू नका, तुर्तुकमध्ये घराघरांतून घ्या. ताजं फळ दोन दिवसांतच मऊ पडतं, ते पुण्या-मुंबईपर्यंत पोचत नाही. सुकवलेलं घ्या. अगदी चकचकीत केशरी माल गंधकाची धुरी दिलेला असू शकतो. उन्हात वाळवलेला काळपट तपकिरी दिसतो आणि चवीला उजवा असतो. लडाखचा रक्तसे कार्पो हा पांढऱ्या बीचा जर्दाळू प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

बी टाकून देऊ नका. फोडली की आत बदामासारखा गर निघतो. गोड असेल तर खा, कडू लागला तर थुंकून टाका, कडू गर जास्त खाल्ला तर विषारी ठरतो. कडू गराचं तेल काढतात, ते केसांना आणि थंडीत फुटलेल्या हातांना लावायला उत्तम. बाटलीचं झाकण घट्ट करून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, विमानात मोठ्या बॅगेत ठेवा.